या वर्षी मला मोकळं करा

एक जानेवारीच्या उपासनेत शेवटचं गीत झालं की देवळाचे कारभारी पहिल्या बाकावरून उठायचे. सदरा वर करून, मान खाली घालून, करदोट्याला बांधलेला चाव्यांचा जुडगा सोडायला लागायचे, आणि तेही आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या भर देवळात, वेदीसमोर. गाठ कधी पटकन सुटायची नाही. बायका माना वळवून भिंतीकडे बघत बसायच्या. मग एकदाचा जुडगा सुटला की तो टेबलावर ठेवायचे. ठेवायचे कसले, आपटायचेच. दोन पावलं मागे सरून म्हणायचे, "मंडळी, या वर्षी मला मोकळं करा."

मी पेटीमागे बसलेली असायचे. पेटी वाजवणाऱ्याला एक फायदा असतो. सगळी मंडळी पाळकसाहेबांचं तोंड बघते, आणि पेटीवाली सगळ्या मंडळीची तोंडं बघते. नेवासा रस्त्यावरच्या त्या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या नव्या वर्षाला हे बघून मी अर्धी उठलेच. वाटलं, काहीतरी भयंकर घडलंय. शेजारी सासूबाई जांभई देत होत्या. "घाबरू नगंस," त्या कुजबुजल्या, "आजून दोनदा म्हनायचं ऱ्हायलंय."

आणि खरंच तसंच झालं. शांतवन गुरुजी उठले आणि म्हणाले, "असं कसं, कारभारी?" बायकांनी च्च च्च केलं. कारभारी म्हणाले, "न्हाई, आता वय झालं. नव्या रक्ताला वाव द्या." आणखी दोघं उठले, "असं कसं?" पुन्हा नकार. तिसऱ्यांदा सगळी मंडळी एका सुरात "असं कसं" म्हणाली, तेव्हा त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "तुमची आज्ञा, देवाची मर्जी," असं म्हणून जुडगा उचलला आणि तसेच बाहेर प्रीतिभोजनाच्या चुलीकडे जाऊन रस्सा ढवळणाऱ्यावर ओरडायला लागले. त्यांची बायको, म्हणजे आमची कारभारीण, मला म्हणाली, "घरात मला फडताळाची चावी कधी दिली न्हाई. हितं बघ कसं दान करत्यात."

तुमच्याही देवळात, देवस्थानात, सोसायटीत असा एखादा राजीनामा देणारा असेलच. आमचा त्यातला थोर होता.

आमचं देऊळ मेथडिस्ट पंथाचं, लहानसं, पत्र्याचं. लिंबाच्या फांदीला घंटा. मेथडिस्टांत पाळकाची बदली तलाठ्यासारखी ठरलेली, त्यामुळे पाळकसाहेब यायचे आणि जायचे. कारभारी मात्र तेच. एस.टी.त कंट्रोलर म्हणून त्यांची नोकरी झाली होती. स्टँडवर शिट्टी तोंडात धरून गाड्या सोडायचं काम. निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. उपासनेतल्या सूचना तेच द्यायचे, आणि त्या अशा: "लक्ष द्या, लक्ष द्या! महिलामंडळाची सभा बुधवारी चार वाजता रूथबाईंच्या घरून सुटेल!" सभा सुटेल म्हणजे सुरू होईल, हे आम्हाला सवयीने कळायचं. पाहुण्यांना कळायचं नाही.

उपदेश लांबला तर ते मनगटावरचं घड्याळ कानाला लावायचे. चालू आहे ना, याची खात्री करून घ्यायचे. पाळकसाहेब मुद्दा सोडून 'शेवटी एकच सांगतो'वर यायचे. देवाबद्दल कारभाऱ्यांचं मत फार चांगलं होतं. "देव टायमाचा पक्का. सहा दिवसांत काम उरकलं, सातव्या दिवशी सुट्टी. न्हाईतर आपली मंडळी!"

पण त्यांची खरी सत्ता चाव्यांत होती. त्या जुडग्यात दाराची चावी होती, प्रभुभोजनाच्या पेल्यांच्या कपाटाची होती आणि भांड्यांच्या खोलीची होती. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची. देवळाची पातेली, कढया, पराती एवढ्या मोठ्या, की गावात कुणाचंही लग्न असो, पाटलाचं असो नाहीतर आमच्यातलं, भांडी आमच्याकडूनच न्यावी लागायची. मग वरबाप कारभाऱ्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. हे त्याला चहा द्यायचे, तिथी विचारायचे, मुलीकडचं गाव विचारायचे आणि मग सावकाश करदोट्याला हात घालायचे. एकदा एक पातेलं कोपरगावकडच्या लग्नाला गेलं आणि परत आलं ते पोचे पडून. त्या दिवसापासून त्यांनी नियम केला, "देवळाचं भांडं शिवंबाहेर जानार न्हाई." पाळकसाहेबांच्या सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी हा नियम ऐकवला होता.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला, आणि त्याच हिवाळ्यात नवे पाळकसाहेब आले. अगदी तरुण, नुकते लग्न झालेले, शहरात वाढलेले. माणूस सोन्यासारखा. एकच खोड होती, कुणी जे बोलेल ते त्यांना खरं वाटायचं. "या कधीतरी घरी," असं म्हटलं की दुसऱ्या दिवशी दारात उभे.

एक जानेवारी आला. नव्या वर्षाच्या उपासनेत आमच्यात देवाबरोबरचा करार नवा करायची प्रार्थना असते. आम्हाला कामाला लाव नाहीतर बाजूला बसव, तू म्हणशील ते कबूल, असं सगळी मंडळी देवाला सांगते. कारभाऱ्यांचा आवाज त्यातही सगळ्यात मोठा. प्रार्थना झाली, गीत झालं, ते उठले. सदरा वर, गाठ, जुडगा, टेबल. "मंडळी, या वर्षी मला मोकळं करा."

शांतवन गुरुजी "असं कसं" म्हणायला उठतच होते. तेवढ्यात मला पाळकसाहेबांचा चेहरा दिसला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पुढे आले, कारभाऱ्यांना मिठी मारली आणि म्हणाले, "कारभारी, खुर्चीला चिकटून बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. सोडणारा आज पाहिला. मंडळी, आपण प्रार्थना करू या."

झालं. प्रार्थना सुरू झाल्यावर मध्ये बोलायचं कसं? आमच्यात छप्पर कोसळलं तरी आमेनपर्यंत कुणी डोळा उघडायचा नाही. पाळकसाहेबांनी त्या सेवेबद्दल देवाचे आभार मानले. त्या नम्रतेबद्दल मानले. मग नवा कारभारी म्हणून शांतवन गुरुजींचं नाव घेतलं, त्यांना बळ मागितलं, दुष्काळासाठी पाऊस मागितला, आणि आमेन म्हणाले. सगळी मंडळी आमेन म्हणाली. सवयीने सगळ्यांच्या आधी, कंट्रोलरच्या आवाजात, आमेन म्हणाले ते कारभारीच. डोळे उघडले तेव्हा जुडगा गुरुजींच्या हातात होता. गुरुजींचं तोंड अजून 'अ'वर उघडंच होतं.

त्या दिवशी कारभारी पहिल्यांदा पंगतीला बसले. एरवी पहिला डाव त्यांनी वाढायचा आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, ही रीत. दुष्काळामुळे मटण नव्हतं, रेशनच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि पातळ आमटी होती. वाढप्याचं काही चुकलं की ते अर्धे उठायचे आणि पुन्हा खाली बसायचे. भाकरी पुढ्यात तशीच राहिली. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम.

पुढच्या रविवारपासून गंमत सुरू झाली. गुरुजी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे आणि त्यांची झोप गाढ. उपासनेच्या वेळेला मंडळी कुलूप लावलेल्या दारासमोर उन्हात उभी. कारभारी सगळ्यात आधी आलेले, लिंबाखाली, हाताची घडी घालून. गुरुजी लांबून पळत येताना दिसले की फक्त एवढंच म्हणायचे, "गाडी उशिरा धावतीय." पाळकसाहेबांना वाटायचं, किती मोठ्या मनाने बाजूला झालेत!

तोपर्यंत अर्धी मंडळी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली होती. काम शिवेच्या पलीकडे, माळावर. बाया तान्ही पोरं घेऊन जायच्या आणि दुपारी पाण्यात भिजवलेला तुकडा खायच्या. कारभारी एकदा तिकडे चक्कर मारून आले आणि तडक गुरुजींच्या घरी गेले. मी गुरुजींच्या बायकोकडे विरजण मागायला गेले होते, म्हणून हे मला स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालं.

"गुरुजी, मोठं पातेलं पायजे. माळावर कण्या शिजवाव्या म्हन्तो."

गुरुजींनी घसा खाकरला. "कारभारी, देवळाचं भांडं शिवेबाहेर जात नाही. नियम आहे."

"कुनाचा नियम?"

"तुमचाच."

कारभाऱ्यांनी जुडग्याकडे बघितलं. गुरुजींनी तो खुंटीला टांगला होता. करदोट्याला नाही, खुंटीला! मग "व्हय, माझाच," असं म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून कारभारणीचा आवाज चौकापर्यंत येत होता. "अवो, अंगुळीचं घंगाळ हाय त्ये!"

"अंगुळीला पानी कुठं हाय आता? पडूनच हाय न्हवं?"

तांब्याचं ते भलंमोठं घंगाळ चिंचेने लख्ख घासून ते सायकलीला बांधून माळावर गेले. आम्ही घरटी मूठ मूठ धान्य द्यायचो, कारभारीण शिव्या देत देत ते भरडायची, आणि कण्या शिजायच्या त्या नवरा-बायकोच्या अंघोळीच्या घंगाळात. जेवायला माळावरचे सगळेच यायचे, आमच्यातले आणि गावातलेही. कारभाऱ्यांनी जुनी शिट्टी काढली होती. "रांगंत! रांगंत! ज्यानं त्यानं आपलं भांडं हातात ठेवा! मागची मान्सं पुढं घुसनार न्हाईत!" एका म्हातारीने रांगेत विचारलं, "तुमच्यातलं खाल्लं तर बाटंन का रं मी?" ते म्हणाले, "आजी, कन्यात मीठ सुदिक धड न्हाई, धरम कुठून यायचा?" म्हातारीने वाडगा पुढे केला.

एकदा कण्या वाढून झाल्यावर मी सहज म्हटलं, "कारभारी, एका परीने बरंच झालं. चाव्यांच्या कटकटीतून सुटलात."

त्यांचा हात आपोआप कमरेला गेला. तिथे काही नव्हतं. "पोरी, कंबर हलकी लागती," ते म्हणाले. "चालताना पडल्यावानी हुतं. रातच्याला कूस बदलली तर वाजत न्हाई काय. मंग जागच येती." आणि मग ते रिकामं घंगाळच खरवडत राहिले. तोपर्यंत मी त्यांच्या त्या जुडग्याला हसत आले होते. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस जुडग्यावाचून खरंच झुरतो आहे.

घरी येऊन हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या थेट पाळकसाहेबांकडे गेल्या आणि मला बरोबर नेलं.

"साहेब, कारभाऱ्यांला चाव्या सोडायच्या न्हवत्या. त्ये तसं म्हनायचं आसतं."

पाळकसाहेब गोंधळले. "मनात नव्हतं तर म्हणाले कशाला?"

"तुमी सासरी पयल्यांदा जेवाया बसला, तवा बास बास म्हनला आसाल का न्हाई?"

"म्हणालो."

"आन् सासूनं खरंच वाढायचं थांबवलं आसतं तर?"

"उपाशी उठलो असतो," पाळकसाहेब म्हणाले.

"मंग? कारभारी उपाशी उठल्यात."

पाळकसाहेबांनी कपाळावर हात मारला. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी डोळं मिटाया लावलं. बोलनार कवा?"

ते लगेच चाव्या परत द्यायला निघाले होते. सासूबाईंनी अडवलं. वर्षाच्या मध्ये असं काढून दिलं तर कारभारी घेणार नाहीत, आणि गुरुजींचाही अपमान होईल. नव्या वर्षाला रीतीप्रमाणे होऊ द्या, म्हणाल्या. पाळकसाहेब म्हणाले, "रीत मला नीट समजावून सांगा." त्यांनी तीन वेळा 'असं कसं'ची सगळी रीत मन लावून ऐकून घेतली. नको तितकं मन लावून.

त्या वर्षी पाऊस झाला. माळावरचं काम थांबलं, घंगाळ पुन्हा न्हाणीघरात गेलं. इकडे गुरुजी टेकीला आले होते. ऐन जेवणाच्या वेळी लोक भांडी मागायला यायचे, दोन पराती कुणाकडे गेल्या ते त्यांना आठवत नव्हतं, घंटेचा दोर तुटला तो पंधरा दिवस तसाच. एक जानेवारीची वाट आमच्या सगळ्यांपेक्षा तेच जास्त बघत होते.

उपासना झाली. करार नवा झाला. शेवटचं गीत संपतं न संपतं तोच गुरुजी उठले, जुडगा टेबलावर टाकला आणि एका दमात म्हणाले, "या वर्षी मला मोकळं करा." माणूस इतकं मनापासून बोललेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

सगळ्यांच्या नजरा कारभाऱ्यांकडे. ते पहिल्या बाकावर ताठ बसलेले, नजर जुडग्यावर. आणि पाळकसाहेब उठले. धडा पक्का झाला होता त्यांचा, इतका की चाव्या कुणाला परत द्यायच्या तेच विसरले होते. हात जोडून, गहिवरून ते म्हणाले, "असं कसं, गुरुजी?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "नाही नाही, साहेब, मी खरंच..."

"असं कसं?" पाळकसाहेब दुसऱ्यांदा म्हणाले. आता नव्या रक्ताला वाव वगैरे पुढचं ऐकायची त्यांची तयारी होती.

"अहो, मला खरंच नको आहेत!"

"असं कसं?" तिसऱ्यांदा. सासूबाईंनी माझा दंड एवढा जोरात धरला, की माझा हात पेटीच्या पट्ट्यांवर पडून पेटी बोंबलली. पाळकसाहेब समाधानाने मंडळीकडे वळले. "तर मग गुरुजींनीच पुढे काम बघावं. आपण प्रार्थना करू या."

सगळ्यांचे डोळे मिटले. मी मिटले नाहीत. तेवढा निगरगट्टपणा माझ्यात पहिल्यापासून आहे. मी कारभाऱ्यांकडे बघत होते. त्यांचे डोळे उघडे होते. पाळकसाहेब "हे आमच्या स्वर्गीय बापा," म्हणाले. आणि कारभारी उठले.

"थांबा!"

स्टँडवर सुटलेली गाडी थांबवायचा आवाज होता तो. पत्रा दणाणला. आमच्या देवळात प्रार्थना कुणी मध्येच तोडल्याचं मी तेव्हाच एकदा बघितलं, त्याआधी नाही आणि नंतरही नाही. पाळकसाहेबांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"मला पायजेत," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "चाव्या मला पायजेत. मोकळं करा म्हनायचो, त्ये खोटं हुतं. मला त्ये काम आवडतं. दार उघडाया आवडतं. भांडी द्यायला बी आवडतं. लोक आपल्याकडं येत्यात, बसत्यात, ग्वाड लागतं. वरीसभर मला करमलं न्हाई." एवढं बोलून ते उभेच राहिले. देवासमोर चोरी कबूल करावी तसा चेहरा झाला होता, आणि चोरी काय, तर आवडतं म्हणून सांगितलं.

मग बायकांच्या बाजूने कारभारणीचा आवाज आला, "बोलले एकदाचे!"

त्यानंतर देवळात जे हसू फुटलं, तसं मी कुठल्या लग्नातही ऐकलं नाही. गुरुजी तर हसता हसता रडत होते. त्यांनी धावत जाऊन जुडगा कारभाऱ्यांच्या हातात कोंबला, परत कुणी प्रार्थना सुरू करायच्या आत. कारभाऱ्यांनी तिथेच सदरा वर केला. त्या दिवशी एकाही बाईने भिंतीकडे बघितलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लहान प्रार्थना असावी. बाहेर चुलीवर मटण होतं. पहिला डाव कारभाऱ्यांनी वाढला.

त्यानंतर ते बदलले, असं म्हणणार नाही. घड्याळ कानाला लावायचे ते लावायचेच. शिवेचा नियम मात्र त्यांनी स्वतः मोडून टाकला. आणि नव्या वर्षाला राजीनामा बंद झाला. ते उठायचे, जुडगा खुळखुळ वाजवून दाखवायचे आणि म्हणायचे, "लक्ष द्या! यंदाबी मीच." आम्ही टाळ्या वाजवायचो. त्यांच्या तोंडाला एक नवीच सवय लागली होती, मनात असेल तेच बोलायची. चहा हवा असला तर हवा म्हणायचे, नको तर नको. कारभारणीला सुरुवातीला ते जड गेलं.

त्यानंतरच्या चौथ्या नव्या वर्षाला ते कारभारणीच्या खांद्यावर हात ठेवून आले. पावसाळ्यापासून खोकला धरला होता, अंगावर सदरा लोंबत होता. गाठ घरूनच सोडून आणली होती. जुडगा रुमालात होता. शेवटचं गीत झालं, ते उठले, आणि जुडगा टेबलावर ठेवला. आपटला नाही. "या वर्षी मला मोकळं करा," म्हणाले.

शांतवन गुरुजींचं तोंड सवयीने उघडलं आणि मिटलं. बायकांनी च्च च्च केलं नाही. पाळकसाहेब मान खाली घालून उभे होते. असं कसं, असं कुणीही म्हणालं नाही. इतकी वर्षं जे आम्ही तोंडाने म्हणत होतो, ते त्या दिवशी खरंच म्हणावंसं वाटत होतं, आणि कुणाला म्हणता येत नव्हतं. त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

ईस्टरच्या आत ते गेले. पण मला डोळ्यांसमोर दिसते ती त्या दिवसाची पंगत. ते ओळीत पहिले बसले होते, भिंतीला टेकून. ताटात थोडा भात. रस्सा वाढायला मी होते. आमच्यात बास म्हटल्यावर आणखी दोन डाव वाढायचे असतात. नाही वाढले तर माणूस रुसतो. मी एक डाव घातला. त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"बास, पोरी."

मी डाव मागे घेतला.